भरलेली झोप

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या त्या म्हाताऱ्यानं कॅमेऱ्याकडे बघून "मंदे" अशी हाक मारली आणि हर्षदा बोरस्तेनं तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

परदेशी ग्राहकांचे अभिप्राय बघणं हे तिचं रोजचं काम होतं. पिंपळगावच्या निद्रा निर्यात संघात ती गुणवत्ता विभागाची प्रमुख. कुणाला झोप उशिरा लागली, कुणाला सकाळी डोकं जड वाटलं, कुणाला कुपीचं झाकणच उघडेना, असल्या तक्रारी ती ऐकायची, मार्गी लावायची आणि विसरून जायची. हा म्हातारा मात्र तक्रार करत नव्हता. आर्ने त्याचं नाव. आयुष्यभर बोटीवर काम केलेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा. त्याच्यामागच्या खिडकीत बर्फ आणि निळसर उजेड दिसत होता. कितीतरी वर्षांनी आपल्याला शांत झोप मिळाली म्हणून तो आभार मानत होता आणि जाता जाता त्याला एक गोष्ट विचारायची होती.

"माझ्या स्वप्नात एक तरुण येतो." दुभाष्या यंत्राच्या सपाट मराठीत त्याचं बोलणं हर्षदाच्या कानात पडत होतं. "सडपातळ आहे. शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर असतो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो मला एक वाक्य म्हणतो. दर वेळी तेच. मी ते पाठ केलंय. त्याचा अर्थ मला कुणी सांगेल का?"

पुढचं वाक्य यंत्रानं भाषांतर न करता तसंच सोडलं. ते मराठीच होतं.

"मंदे, साखर महाग झाली का गं?"

नॉर्वेतला म्हातारा, पण त्या "गं"वरचा हेल थेट निफाडकडचा. शेवटी किंचित हसू दाबल्यासारखा आवाज. हर्षदानं तो तुकडा पुन्हा लावला. मग तिला तिसऱ्यांदा लावायचं धाडस होईना.

तुषार, तिचा नवरा, आईच्या हातचा अगोड चहा प्यायला की असंच म्हणायचा. स्वतःच्या आईला नावानं हाक मारायची त्याची ती थट्टा होती. लोकांसमोर तो "आई" म्हणायचा. "मंदे" फक्त घरातल्या त्या ओट्यापाशी. कंटेनरची शीतयंत्रं दुरुस्त करायचं त्याचं काम, म्हणून खिशात तो स्क्रू ड्रायव्हर. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला, त्यालाही आता पाचवं वर्ष लागलं होतं.

कुपीवरच्या नंबरावरून माल कुठून आला हे शोधायला तिला क्षणही लागला नसता. तरी ती बराच वेळ नुसती पडद्याकडे बघत बसली. मग नंबर टाकला. नाव आलं: मंदाकिनी बोरस्ते. तिची सासू.

संघ उभा राहिला तेव्हा या भागातली द्राक्षं पेट्यांत भरायची पॅकहाऊसं निम्म्याहून जास्त ओस पडलेली होती. हवामानानं द्राक्षांचं वेळापत्रकच बिघडवून टाकलं होतं आणि दूरदूरचे देश तोच माल त्याच महिन्यात युरोपात उतरवू लागले होते. शीतगृहं होती, बंदरापर्यंतचा रस्ता होता, प्रयोगशाळा होत्या, प्रत्येक पेटी कुठल्या बागेतली हे सांगता येईल अशी शिस्त लोकांच्या अंगात मुरलेली होती. पाठवायला माल तेवढा नव्हता. तेव्हा अभिजित निरगुडे नावाच्या, उभा जन्म निर्यातीत घालवलेल्या माणसानं एका बैठकीत विचारलं होतं, "जगाला आज सगळ्यात जास्त काय कमी पडतंय? आणि आपल्याकडं काय आहे, ज्याला आपण माल समजतच नाही?"

उत्तर होतं झोप.

श्रीमंत देशांतली झोप उडालेली होती. गोळ्यांना माणसं सरावली होती आणि गोळ्यांची झोप ही झोप नसतेच, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याच सुमारास पुण्याच्या एका प्रयोगशाळेत एक शोध लागला. गाढ झोपेत मेंदूतल्या पेशी प्रथिनांची अतिसूक्ष्म कवचं तयार करतात. दिसायला ती विषाणूच्या कवचासारखी, पण निरुपद्रवी. त्यांच्या पोटात एका पेशीनं दुसरीला धाडलेला निरोप असतो. यातली काही कवचं रक्तात उतरतात. झोपलेल्या माणसाच्या दंडातून रक्त काढून चाळणीतून फिरवलं, कवचं तेवढी वेगळी केली आणि रक्त परत सोडलं, तर त्या माणसाला काहीच होत नाही. आणि तीच कवचं जागरणानं पिचलेल्या माणसाला टोचली, की त्याचा मेंदू लहान मुलासारखा निवांत होतो. कारखान्यात कवचं बनवून पाहिली, पण ती पोकळ निघाली. त्यांच्यात निरोपच नव्हता. तो खऱ्या झोपलेल्या माणसाकडूनच मिळायचा.

आणि भर दुपारी, अनोळखी दालनात, दंडात नळी असताना बिनघोर झोपू शकतील अशी माणसं पहाटेपासून बागेत राबलेलीच असणार. बायका दुपारी यायच्या, हातपाय धुवायच्या, हिरव्या पडद्यांच्या खोलीत खाटांवर आडव्या व्हायच्या आणि चहाच्या वेळेला उठून घरी जायच्या. थोड्याच वर्षांत झोप ही जिल्ह्याची सगळ्यात मोठी निर्यात झाली. देशाच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात तिचा उल्लेख आला, त्या दिवशी संघात पेढे वाटले होते.

हर्षदाची स्वतःची झोप चाचणीत नापास झाली होती. तुषार गेल्यापासून ती तुटकतुटक झोपायची. तसली झोप कोण घेणार? तेव्हा सासूच म्हणाली होती, "मी येते. तुझ्या घरचं कुणी नसलं तर बाहेरच्या बायकांनी तुझ्यावर का भरवसा ठेवावा?" तेव्हापासून मंदाकिनीबाईंनी एक आठवडा चुकवला नव्हता.

त्या दिवशी हर्षदा लवकर घरी आली. सासू अंगणात लसूण सोलत बसली होती. साठी ओलांडलेली बाई, पण अलीकडे चेहरा उजळलेला. शेजारणी म्हणायच्या, झोप देऊन देऊन मंदाकाकू तरुण व्हायला लागल्या.

हर्षदा शेजारी बसली, तिनंही दोन पाकळ्या हातात घेतल्या.

"आई, तुषार येतो का हो तुमच्या स्वप्नात?"

"आधी यायचा." सासूचे हात थांबले नाहीत. "आताशा नाही येत. बरंच झालं म्हणायचं. इथं अडकून पडला नाही तो."

"शेवटचा कधी आला होता?"

"आठवत नाही गं. का?"

 हसत हसत म्हटल्यासारखं करून हर्षदा म्हणाली, "मंदे, साखर महाग झाली का गं?"

सासूनं चमकून वर पाहिलं, पण ते सुनेच्या तोंडी स्वतःचं नाव ऐकून. मग ती हसली. "हे काय आज भलतंच? मंदे म्हणे! माझे वडील म्हणायचे मला तसं. त्यांच्यानंतर आज तूच."

हर्षदाच्या हातातली लसणाची पाकळी निसटून सालपटांत पडली. ती तिला नंतर सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आता संघाचे अध्यक्ष असलेल्या निरगुड्यांच्या खोलीत गेली.

"सर, मालात अवशेष सापडलाय."

अवशेष हा द्राक्षांच्या काळातला शब्द. फवारलेल्या औषधाचा अंश सापडला की अख्खा कंटेनर परत यायचा. निरगुडे ताठ बसले. "कसला?"

"माणसाचा. माझ्या नवऱ्याचा."

तिनं त्यांना चित्रफीत दाखवली आणि रात्रभर डोक्यात जुळवलेलं सगळं सांगून टाकलं. मेंदूत आठवण एका जागी कायमची पडून नसते. घर बदलताना सामान ट्रकमध्ये भरतात तशी ती झोपेत एका जागेवरून उचलली जाते आणि दुसरीकडे नेऊन ठेवली जाते. जी आठवण जास्त लाडकी, ती जास्त वेळा उचलली जाते. ती कवचं म्हणजेच तो ट्रक. "आपण ट्रक वाटेत अडवतो, सर. सामान जुन्या घरात राहत नाही आणि नव्या घरातही पोचत नाही. ते ट्रॉम्सोला जातं. आणि सगळ्यात जवळचं जे असेल ना, ते सगळ्यात आधी जातं."

निरगुडे उठले. त्यांनी दार लावून घेतलं.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "गेल्या मोसमापासून."

हर्षदाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तुला कळायला नको होतं असं नाही. मीच रोज उद्यावर ढकलत होतो." ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली आवारात शीतगाड्या धुण्याचं काम चाललं होतं. "हर्षदा, नुसती झोप आता आणखी चार देश विकायला लागलेत. स्वस्तात विकतात. आपण पुन्हा तिथंच येणार, कच्चा माल देणारे. आणि हा आर्ने पहिला नाही. तिकडचे खरेदीदार विचारतायत की हे स्वप्नात माणसं येणारं वाण कुठलं, तेवढंच वेगळं काढून देता का. त्याला त्यांनी नावसुद्धा ठेवलंय. भरलेली झोप."

"म्हणजे आपण बायकांची माणसं विकायची?"

"आजवर आपण काय पाठवलं गं? पोरं शिकवली, मोठी केली आणि विमानात बसवून दिली. त्यांच्या आयांना कुणी विचारलं होतं? माझा अनिकेत तिकडं आहे. बारा वर्षं झाली. मलाही तो आता स्वप्नातच भेटतो." ते तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा व्यापाऱ्याचा वाटत नव्हता, दमलेल्या बापाचा वाटत होता, आणि तेच हर्षदाला जास्त जड गेलं. "तिकडं माणसांच्या घरात कुणी येत नाही. स्वप्नातसुद्धा येत नाही. आपल्याकडं एकेका बाईच्या डोक्यात अख्खं गाव आहे. नवीन दर्जा ठरवायचाय. ज्यांच्या घरात मृत्यू झालाय, अशा बायकांना प्राधान्य. त्यावर गुणवत्ता प्रमुखाची सही लागेल."

"मी सही करणार नाही."

"नको करूस. पण मग सांग, काय करू?"

तिनं चित्रफीत बंद केली. मग म्हणाली, "आधी बायकांना सांगायचं. काय जातंय ते स्पष्ट सांगायचं. नंतर विचारायचं."

"कबूल," निरगुडे म्हणाले. "तुझ्या घरापासून सुरुवात कर."

मंदाकिनीबाईंनी आर्नेची चित्रफीत मांडीवर हात ठेवून, नीट लक्ष देऊन पाहिली. लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"ह्यांच्याकडं कोण येतं म्हणालीस?"

"तुषार, आई. तुमचा तुषार."

त्या भिंतीवरच्या तुषारच्या फोटोकडे वळल्या. "मला मुलगा होता हे मला ठाऊक आहे. कुठल्या शाळेत होता, कधी नोकरीला लागला, सगळं सांगेन मी तुला. पण..." त्यांना शब्द सापडेना. छातीवर तळवा ठेवून त्या म्हणाल्या, "हे इथं काही हलत नाही. मला वाटायचं, वय झालं. दुःखसुद्धा म्हातारं होत असेल."

हर्षदा रडू लागली. सासूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, शेजारच्या घरातलं मूल रडत असेल तर फिरवावा तसा.

पुढच्या रविवारी त्यांनी आर्नेशी बोलणं केलं. म्हातारा स्वच्छ दाढी करून, कोट घालून बसला होता. आपल्याकडे येणाऱ्या तरुणाची आई समोर आहे हे कळल्यावर तो उभा राहिला आणि पुन्हा बसायचं विसरला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. मुलगा लहान आहे, त्याला गोवर आलाय, कडुनिंबाच्या पाल्यावर झोपलाय आणि माझा पदर सोडत नाही. मुलगा सायकलवरून पडलाय आणि मला कळू नये म्हणून गुडघा लपवतोय. मुलगा पहिल्या पगारातून माझ्यासाठी पंखा घेऊन आलाय आणि तो पंखा उलटा फिरतोय. मला, माझा, माझ्यासाठी असंच तो सांगत होता. आपण ऐंशीचे, उंच, गोरे पुरुष आहोत हे तो विसरूनच गेला होता.

मंदाकिनीबाई ऐकत राहिल्या. मधे एकदा हसल्या. एकदा म्हणाल्या, "गुणाचं होतं हो पोर." आपलं म्हणून नव्हे, त्याचं म्हणून.

बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "अजून काही उरला असेल का गं माझ्यात?"

"असेल. म्हणून तर आता थांबायचं. एक खाट रिकामी राहिली तर संघ बुडत नाही."

"थांबून काय करायचं?" सासूचा आवाज शांत होता. "मी किती दिवसांची? माझ्याबरोबर तो सरणावर जाणार. तिकडं त्या म्हाताऱ्याच्या घरी तो हिंडतोय, बोलतोय. आणखी चार घरी जाईल. मला तो दिसत नाही, नाही तर नाही. कुठंतरी आहे ना?"

"आणि मी, आई? मी कुणाबरोबर त्याच्याबद्दल बोलू?"

"तुझ्याकडं तुझा नवरा आहे की. तो तुझ्यापाशीच राहील. माझा मुलगा निराळा होता, हर्षदा. तो तुला कधी भेटलाच नाही."



साठी ओलांडलेल्या बाईकडून महिन्यातून एकदाच झोप घ्यायची असा नियम होता. त्यातून सूट द्यायचा अधिकार गुणवत्ता प्रमुखाचा. मंदाकिनीबाई दर आठवड्याला दालनात येत होत्या त्या हर्षदानं आधीच दिलेल्या सवलतीवर, आणि ती आता संपत आली होती. त्यांनी सुनेकडे ती वाढवून मागितली, एवढं म्हातारीचं ऐक म्हणाल्या. हर्षदानं दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी सही केली. आईची इच्छा म्हणून केली, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्याच आठवड्यात भरलेल्या झोपेची पहिली मोठी मागणी आली होती आणि नमुन्यांत सगळ्यात वरचा ठरलेला माल तिच्या सासूचा होता, हेही खरं होतं. यातलं कुठलं खरं सही करताना हातात होतं, हे तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही.

संघातल्या बायकांना तिनं ठरल्याप्रमाणे सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं होतं, निम्म्याजणी उठून जातील. काहीजणी गेल्या. पण ज्यांचं दुःख ताजं होतं त्यातल्या कितीतरी तशाच बसून राहिल्या आणि एकीनं विचारलं, "मॅडम, खरंच जातं का हो सगळं? मग मला आधी घ्या."

उन्हाळा संपता संपता एका सकाळी हर्षदा डबा भरत होती. मंदाकिनीबाई आंघोळ करून, केस विंचरून स्वयंपाकघरात आल्या. हर्षदाला बघून थबकल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "बसा की. तुम्ही कुणाच्या?"

हर्षदाला आधी थट्टाच वाटली. मग तिनं त्यांचे डोळे पाहिले. त्यात भीती नव्हती, गोंधळ नव्हता. घरी आलेल्या पाहुणीबद्दल असावं तेवढं अगत्य होतं.

"मी हर्षदा, आई. तुमची सून."

"अगं बाई, हो का?" त्या ओशाळून हसल्या. "माझ्या लक्षात राहत नाही बघा. चहा घेता ना?"

मुलगा संपल्यानंतर चाळणीत कोण सापडलं असेल, हे हर्षदाला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं. सगळ्यात जवळचं सगळ्यात आधी जातं, हे तिनंच निरगुड्यांना सांगितलं होतं. सासूच्या झोपेत तुषारच्या मागोमाग दुसरा नंबर आपला असेल, असं मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं. दोघी एका घरात राहत होत्या, वेळेवर जेवत होत्या, एकमेकींची औषधं आणत होत्या. प्रेम वगैरे शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

त्या दिवसापासून मंदाकिनीबाईंची झोप घेणं तिनं बंद करवलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे. भूक चांगली, रक्तदाब तरुण माणसासारखा. आणि त्या खरोखर आनंदात होत्या. दुपारी मांजरीसारख्या उन्हात पाय सोडून बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायच्या. घरातली ही बाई आपली कोण, हे त्यांना रोज सकाळी सांगावं लागायचं आणि रोज त्या तितक्याच भल्या मनानं ते मान्य करायच्या.

निरगुड्यांना तिनं सांगितलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. पण मागण्या थांबल्या नाहीत आणि त्यांना थांबवणंही एकट्या निरगुड्यांच्या हातात उरलं नव्हतं. दिल्लीहून फोन येत होते. भरलेली झोप देशाच्या नव्या निर्यात धोरणाच्या पहिल्या पानावर गेली होती.

हॅम्बुर्गच्या व्यापार प्रदर्शनात भारताचं दालन त्या वर्षी सगळ्यात मोठं होतं. दुपारी तीन वाजता मंचावरून नव्या दर्जाची घोषणा व्हायची होती आणि ती गुणवत्ता प्रमुखानं करायची होती. दर्जाच्या मसुद्यावर हर्षदाची सही अजून नव्हती. ती तिथंच, सगळ्यांसमोर करायची असं ठरलं होतं. आपण सही करणार की नाही, हे विमानात बसेपर्यंत आणि उतरल्यावरही तिला ठाऊक नव्हतं.

दालनाच्या कोपऱ्यात पाहुण्यांसाठी लहान टेबलं होती. तिथं ती पाणी पीत बसली असताना एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल, इस्पितळातल्या परिचारिकेचा निळा अंगरखा, कामावरून थेट आल्यासारखी. ती हर्षदाकडे बघत होती. आधी तिनं तोंडावर हात ठेवला, मग खुर्चीचा आधार घेत समोर बसली आणि जर्मनमधून काहीतरी बोलू लागली. हर्षदानं घाईघाईनं दुभाष्या कानात बसवला. दुसरा तिच्यापुढं केला, पण त्या मुलीचं तिकडं लक्षच नव्हतं. यंत्र टेबलावर तसंच पडून राहिलं.

"तुम्ही खऱ्या आहात," मुलगी म्हणत होती. "मला वाटलं होतं, तुम्ही नसालच. रात्रपाळीनं माझी झोप गेली होती, म्हणून मी ही कुपी घ्यायला लागले. माझ्या स्वप्नात तुम्ही येता."

"मी?"

"दारात उभ्या असता. पाऊस नाही, पण तुमची साडी पायाशी भिजलेली आहे. हातात एक पिशवी आहे, तिच्यात पुरुषाचे कपडे आणि चप्पल. तुम्ही रडत नाही. तुम्ही फक्त माझ्याकडे बघता, मी काहीतरी म्हणावं म्हणून. खोलीत खूप माणसं आहेत, पण तुम्ही माझ्याकडेच बघता."

हर्षदाच्या हातातला पेला टेबलावर आपोआप ठेवला गेला. तो दिवस तिनं कधी कुणाला सांगितला नव्हता. तो गेल्यावर इस्पितळात तिनं स्वतःच्या हातानं तुषारचे पाय धुतले होते, साडी त्यानं भिजली होती. घरी आली तेव्हा सासू भिंतीशी बसलेली होती. सून दारात उभी राहिली आणि सासू जागची हलली नाही. मग बायकांनीच हर्षदाला धरून आत नेलं. त्या न हलण्याचा अर्थ तिनं तेव्हाच लावून टाकला होता. माझ्या मुलाला तू नीट जपलं नाहीस, एवढाच. ते दोघींच्या मधे तसंच राहिलं, कुणी कधी काढलं नाही.

"आणि तुम्ही काय करता?" तिनं विचारलं. "स्वप्नात. तुम्ही काय करता?"

ती मराठीतच बोलली होती, पण मुलगी उत्तर देऊ लागली.

"मला उठायचं असतं. इतकं उठायचं असतं की छाती दुखते. मुलगा गेलाय, त्याच्यासाठी मला रडू येत नाही, तुमच्याकडे बघून येतं. वाटतं, ह्या पोरीला जवळ घ्यावं, हिचे थंड पाय हातात धरावेत, हिला म्हणावं, आता माझी तूच. पण पायातलं सगळं बळ गेलेलं असतं. मी बसूनच राहते. मग बायका तुम्हाला घेऊन जातात आणि मी जागी होते." तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते तिला कळतही नव्हतं. "रोज ठरवते, आज उठेन. उठत नाही."

मंचावरून हर्षदाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतून निरगुडे मागे वळून तिला शोधत होते. नाव पुन्हा पुकारलं, या वेळी हुद्द्यासकट, देशासकट.

हर्षदा हलली नाही. हजारो मैलांवर एका घरात या वेळी एक आनंदी म्हातारी अंगणात बसून असेल आणि आपण घरी परतलो की ती आपल्याला अदबीनं बसायला सांगेल. आणि इथं ही परकी मुलगी, घाऱ्या डोळ्यांची, डोळ्यांखाली अपुऱ्या झोपेच्या खुणा असलेली, आणि त्या डोळ्यांतून आपल्याकडे बघणारी नजर मात्र पूर्ण ओळखीची. ती नजर आपल्यावर तेव्हाही होती. आपणच तिचा उलटा अर्थ लावून मान खाली घातली होती.

तिनं कानातला दुभाष्या काढून ठेवला. सभागृहातला गलका एकदम जवळ आला, मग तोही मागे पडला.

"आई," ती हळूच म्हणाली. "उठा."

मुलीपुढचं यंत्र अजून टेबलावरच पडलं होतं. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले, म्हाताऱ्या बाया गुडघ्यांवर भार देऊन उठतात तशी ती सावकाश उठली, आणि टेबलाला वळसा घालून हर्षदाकडे यायला निघाली.